देवदार वनाची जिवंत टक्केवारी

"दाबून लावा रे, दाबून! गारवा मुळापर्यंत गेला पाहिजे," उपवनसंरक्षक टेंभेकर ओरडत होते आणि वनमजूर देवदाराच्या रोपांभोवती बर्फाच्या लाद्या रचत होते.

बर्फ जिल्ह्याच्या मासळी बाजारातून आणला होता, कारण एवढा बर्फ दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. रोपं हिमाचलातून ट्रकने आली होती. वाटेत आग्रा, ग्वाल्हेर, नागपूर अशी ऐन उन्हाळ्यातली सगळी प्रेक्षणीय स्थळं पाहून ती खामदऱ्याच्या पठारावर पोचली, तेव्हा त्यांचे शेंडे तांबूस पडले होते. टेंभेकरांच्या मते हा प्रवासाचा शीण होता. लाद्या वितळू लागल्या तसा मासळीचा वास सुटला आणि गावातली कुत्री देवदारांची पाहणी करायला आली. एक मजूर नुसता कुत्री हाकायला ठेवावा लागला.

दिवस पाच जूनचा, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाचा. वऱ्हाडात पाच जूनला कुठलंही झाड लावणं म्हणजे त्याला फाशी देणं. पाऊस तोवर केरळातून निघालेला असतो, एवढंच. पण पर्यावरण दिन ठरवताना कुणी पावसाला विचारलं नव्हतं, आणि पाऊसही शासकीय दिनदर्शिका वाचत नाही.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकात होतो. उद्घाटनाची बातमी आणि एक फोटो संध्याकाळपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम होतं.

"काळमेघ भाऊ, पायाखाली पाहा," मागून आवाज आला.

वनपरिक्षेत्र अधिकारी रामकली मावस्कर उभ्या होत्या. पठाराच्या खालच्या अंगाला बोरधरा नावाचं कोरकू आदिवासींचं गाव आहे. तिथली ही बाई वनशास्त्र शिकून त्याच जंगलाची अधिकारी होऊन आली होती. बोलणं तिखट, त्यामुळे बढती सावकाश.

मांडवात हिरवी मॅट अंथरली होती आणि माझ्या बुटासमोर ती फुगली होती. मी कडा उचलून पाहिली. खाली ताजा तोडलेला बुंधा होता.

"जांभूळ," त्या म्हणाल्या. "पलीकडे दोन आंबे आणि करंज. परवापर्यंत इथं सावली होती. मांडवासाठी काढली. पर्यावरण दिनाचा मांडव, जागा मोठी लागते."

"आणि आत दरीतली झाडं?"

मांडवाच्या पाठीमागे दरी सुरू होत होती. सगळं पठार जूनमध्ये वाळक्या कातड्यासारखं होतं. घाट चढताना साग आणि सालई निष्पर्ण, वर मोह तेवढा ताज्या पालवीत. दरीत मात्र जांभूळ, आंबा, उंबर यांची गच्च हिरवी छपरं.

"आतली आज संध्याकाळपासून. आदेश माझ्या खिशात आहे. साहेबांनी पहिला देवदार लावला की मी पहिलं जांभूळ पाडायचं."

"नाही पाडलं तर?"

"तर माझी बदली. येणारा पाडेल. तो काही बोरधऱ्याचा नसेल." त्यांनी दरीकडे बोट केलं. "या झाडांच्या मुळांतून जो झिरा निघतो, त्यावर आमच्या गावची विहीर आहे. एकच. माझी आई अजून तिचंच पाणी भरते. झाडं गेली की दोन उन्हाळे. तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर."

हे सगळं सुरू कसं झालं, तेही सांगितलं पाहिजे. पालकमंत्री दौलतराव उमाळे आदल्या उन्हाळ्यात सहकुटुंब मनालीला गेले होते. परत आले ते 'मिनी मनाली' घेऊनच. खामदरा थंड हवेचं ठिकाण होतं, कारण घाटाच्या पायथ्याला तशी पाटी होती. तरीही पर्यटक येत नव्हते. फेब्रुवारीत विश्रामगृहावर बैठक झाली. मीही होतो.

"मनालीत थंडी काहून हाय?" मंत्र्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं, "देवदार हाय म्हणून. आपुन देवदार लावू."

टेंभेकरांनी ते लिहून घेतलं. रामकलीबाई म्हणाल्या, "साहेब, ते उलटं आहे. थंडी आहे म्हणून देवदार आहे. त्याचं बी बर्फाखाली झोपून उठतं. आपल्या सागाला चार महिने पाऊस लागतो, मग तो पानं टाकून उन्हाळा काढतो. ज्याला जी हवा सोसते, तिथं तो राहतो. झाडाची बदली आदेशाने होत नाही."

"मॅडम," मंत्री म्हणाले, "तुमची तं होते नं?"

सगळे हसले. टेंभेकर सगळ्यात जास्त.

मग डॉ. पिंपळखरे या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. समितीत ते एकटेच होते, त्यामुळे एकमत लवकर झालं. मे महिन्यात थर्मामीटर घेऊन ते पठारावर आले, एक दिवस हिंडले आणि अहवाल दिला की दरीतलं भरदुपारचं तापमान पंचवीस अंश आहे. सबब, दरी देवदारास अनुकूल आहे. सध्याची किरकोळ झाडी हटवून दहा हेक्टरवर देवदार लावावेत.

भर मे महिन्यात पंचवीस हा आकडा वाचून मीही चकित झालो होतो. अहवालात खोटं काही नव्हतं.

उद्घाटनाला मंत्री उन्हं चांगली तापल्यावर आले. अंगात टसरचं जाकीट, गळ्यात हार. मांडवाला पत्र्याचं छत होतं. दोन कूलर होते, पण जनरेटरने स्वागतगीतातच मान टाकली. पिंपळखरे 'खामदऱ्याचे शीतल हवामान' या विषयावर बोलत होते आणि पुढच्या रांगेतली मंडळी निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होती. व्यासपीठाच्या कडेला देवदार ओळीत उभे होते. बर्फाचं पाणी झालं होतं आणि पाण्याचा चिखल. हाकणारा मजूर टाळ्या वाजवायला बसला होता, त्यामुळे कुत्री परत आली होती.

मंत्र्यांनी वक्त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "डॉक्टर, तुमचं पंचवीस कुठी गेलं?"

"सर, थोडेफार चढउतार असतात."

"मोजा."

पिंपळखऱ्यांनी थर्मामीटर काढला, पाहिला आणि पटकन खिशात टाकला.

"किती?"

"अडतीस, सर. पण त्यात पत्र्याचा वाटा आहे."

रामकलीबाई पुढे झाल्या. "साहेब, आत चला. पाच मिनिटं टेका. तोवर जनरेटर बघतात."

मंत्री उठले. त्यांच्यामागे टेंभेकर, पिंपळखरे आणि मी. दरीत वीस पावलं गेलो आणि हवा बदलली. माठाच्या पोटात शिरावं तशी. ऊन पानांतच अडकून राहत होतं, खाली येत नव्हतं. दगडांवर नेचे होते, ओल्या मातीचा वास होता आणि कुठेतरी पाणी बोलत होतं. मंत्र्यांनी जाकीट काढलं, चपला काढल्या आणि झिऱ्यात पाय सोडून बसले. डोक्यावर जांभळं पिकू लागली होती. त्यांनी एक फांदी खाली ओढली.

"हे पाहा!" पिंपळखरे आनंदाने म्हणाले. थर्मामीटर पुन्हा बाहेर आला होता. "सव्वीस! मी म्हणालो नव्हतो, सर? मी याच दगडावर बसून मोजलं होतं."

मंत्र्यांचं चघळणं थांबलं. "याच दगडावर?"

"हो, सर."

"या जांभयीखाली?"

"हो, सर."

"आन् हे झाड काढून इथी देवदार लावाचा?"

"हो, सर. तापमान अनुकूल आहे."

मंत्री पिंपळखऱ्यांकडे पाहत राहिले. गुरांच्या बाजारात भाकड गाय दुभती म्हणून दाखवणाऱ्याकडे पाहावं तसं.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "मांडवाच्या जागी काय होतं?"

"हेच, साहेब. परवापर्यंत."

"म्हंजे परवा तिथीबी सव्वीस होतं."

"सत्तावीस असेल. कडेला आहे."

मंत्र्यांनी बी थुंकली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. मला वाटलं, आता डॉक्टरांचं काही खरं नाही. पण ते वळले रामकलीबाईंकडे.

"मंग फेब्रुवारीत मी काय म्हणलं होतं? झाडानं थंडी येते. तुमी म्हणे उलटं हाय. आता कोण उलटं हाय?"

मी रामकलीबाईंकडे पाहिलं. या मुद्द्यावर त्या अर्धा तास बोलू शकल्या असत्या. ही दरी उत्तरेला तोंड करून आहे, धुकं इथं उशिरापर्यंत बसतं, म्हणून ही झाडं इथं आहेत. कधीकाळी सगळंच पठार ओलं असणार. हवा कोरडी होत गेली तशी ही मंडळी मागे सरत सरत या घळीत येऊन थांबली. आता ती स्वतःच्या सावलीवर तग धरून आहेत. ओल ती सांभाळतात, पण बर्फ पाडू शकत नाहीत. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं. चुकीचं बोलणाऱ्याला मध्येच तोडल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"साहेबांचंच बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

टेंभेकरांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पाहा!" मंत्री खूश झाले. मग कपाळावर आठी आली. "पण हिवाळ्यात मुख्यमंत्री येणार. त्याहिले देवदार वन दाखवाचं कबूल केलं. बोर्डबी रंगवला."

"उद्दिष्ट दहा हेक्टरचं आहे, सर," टेंभेकर म्हणाले. "ते तर पूर्ण करावंच लागेल."

"मग मांडवापाशी लावू. उघड्यावर."

"लावते, साहेब," रामकलीबाई म्हणाल्या. "पण हे काळमेघ भाऊ दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोटो काढायला येणार आहेत. आज शेंडे तांबूस आहेत. पुढच्या फोटोत काड्या दिसतील. त्याच्या पुढच्या फोटोत नुसती पाटी."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. असं काही ठरल्याचं मला माहीत नव्हतं, पण कल्पना चांगली होती. मी मान डोलावली.

"मंग करता काय?" मंत्र्यांनी विचारलं. हा प्रश्न टेंभेकरांसाठी होता, पण टेंभेकर झिऱ्याकडे पाहत होते.

"साहेब," रामकलीबाई म्हणाल्या, "थंडी आहे. झाडं उभी आहेत. पाटी रंगवलेली आहे. नाव काय द्यायचं ते उद्घाटन करणाराच ठरवतो. आपल्या जिल्ह्यात रीत तीच आहे."

ती रीत खरीच होती. कोनशिलेवर जे कोरलं जाई, ते कायमचं. जिल्ह्यात एक 'जलविहार' होतं, तिथं पाणी नव्हतं. एक 'क्रीडासंकुल' होतं, तिथं धान्याचं गोदाम होतं. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

मंत्र्यांनी जांभळी जीभ बाहेर काढून दाखवली. "मले जांभूय समजत नाही, असं वाटते का तुमाले?"

"समजतं, साहेब. म्हणूनच तुम्हाला विचारते आहे. न समजणाऱ्याला हे विचारायची सोय नसते."

मंत्री इतके हसले की वरचे पक्षी उडाले.

"पण सर," पिंपळखरे म्हणाले, "ही तर सरळसरळ सिझिजियम, म्हणजे जांभळाच्या जातीतली—"

"डॉक्टर, गाडी आली का तुमची?"

"हो, सर."

"मंग बसा नं बाप्पा गाडीत. ऊन लय हाय."

टेंभेकरांचा जीव मात्र अजून आदेशात अडकला होता. "सर, संध्याकाळपासूनची तोड? ती तर मंजूर आहे."

मंत्री चपला घालता घालता थांबले. "देवदार वनातले देवदार तोडता? वेडेबिडे झाले का टेंभेकर?"

पाटी दरीच्या तोंडाशी एका जुन्या जांभळीला तारेने बांधली गेली. पडदा सरकला. 'देवदार वन. क्षेत्र दहा हेक्टर.' टाळ्या वाजल्या. हिमाचलातून आलेली रोपं मान्यवरांना भेट म्हणून देण्यात आली. वातानुकूलित गाड्यांतून देवदार आपापल्या घरी गेले. मासळीच्या वासाबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी पान तीनवर आली. 'पालकमंत्र्यांनी या वनाला देवदार वन असे नाव दिले. दरीतील तापमान सव्वीस अंश नोंदवले गेले. उपस्थितांनी परिसराच्या गारव्याचे कौतुक केले.' चुकीची दुरुस्ती छापावी लागेल, असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

हिवाळ्यात मुख्यमंत्री आले. त्यांनी झाडांखाली चहा घेतला आणि देवदार इतके डेरेदार असतात हे माहीत नव्हतं, असं म्हणाले.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण वनखात्यात लावलेल्या प्रत्येक झाडाचा वर्षभराने हिशेब द्यावा लागतो. किती जगली आणि किती वाढली, हे कळवायचं. याला जिवंत टक्केवारी म्हणतात. जिथं ती निम्मी भरते, तिथं पेढे वाटतात. टेंभेकरांनी देवदार वनाची टक्केवारी कळवली शंभर. सरासरी उंची कळवली साठ फूट. ते घाबरट होते, खोटं लिहायचं धाडस त्यांना कधीच झालं नाही.

राज्यात पहिलं पारितोषिक मिळालं. टेंभेकरांचा सत्कार झाला. आणि सत्काराची बातमी दिल्लीत कुणीतरी वाचली. सातपुड्यात वर्षभरात साठ फूट वाढणारा देवदार पाहायला त्यांनी तपासणी अधिकारी पाठवला, तोही थेट हिमाचलचा.

"काळमेघ भाऊ, या," रामकलीबाईंचा फोन आला. आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता. "बातमी होईल. कुठली, ते मला माहीत नाही. त्या माणसाने देवदार नाहीत असं लिहिलं, तर खरे लावावे लागतील. आणि ते लावायचे तर ही जागा मोकळी करावी लागेल. आदेश रद्द झालेला नाही. नुसता पडून आहे."

जानेवारी होता. तपासणी अधिकारी नेगीसाहेब साठीला टेकलेले, बुटके, शांत. डोक्यावरची लोकरी टोपी त्यांनी घाटातच काढून हातात घेतली होती. पाटी त्यांनी वाचली. मग पाटी बांधलेल्या झाडावर तळहात ठेवला, सालीवरून फिरवला, वर बघितलं. एक पान खुडलं, चुरगळलं आणि हुंगलं. देवदाराला पानांऐवजी सुया असतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. जन्मापासून ते त्याच झाडाखाली राहिले होते.

टेंभेकर थांबत नव्हते. "शंभर टक्के, सर. एकही मेलं नाही. आपण मोजून घ्या."

"चाय मिलेगी?" नेगींनी विचारलं.

टेंभेकर चहा सांगायला धावले. त्यांची पाठ वळताच नेगी रामकलीबाईंकडे वळले.

"उम्र क्या होगी इनकी?"

"रिकॉर्ड में डेढ़ साल, सर."

"अच्छी बढ़त है." ते चार पावलं चालले आणि झिऱ्यापाशी थांबले. भर हिवाळ्यात तो मनगटाएवढा वाहत होता. "नीचे गाँव है?"

"है. मेरा है."

"और मैं सच लिख दूँ तो?"

रामकलीबाईंचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "तो सच के देवदार लगाने पड़ेंगे, सर. यहीं पर."

नेगी दगडावर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ पाण्याकडे पाहून, कुणालाही न सांगितल्यासारखं म्हणाले, "हमारे उधर एक गाँव है. चार महीने बर्फ़ में रहता है. वहाँ एक मंत्रीजी आम का बाग लगवा गए हैं."

"चलता है?" मी विचारलं.

"बहुत बढ़िया. हर साल मंत्रीजी के घर पेटी जाती है." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मंडी से ख़रीदकर."

तपासणीच्या कागदावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि रामकलीबाईंसमोर धरल्या. वृक्ष स्वस्थ आहेत. यांतला एकही तोडू नये. खाली सही, शिक्का, तारीख. बाईंनी त्या दोनदा वाचल्या. मग तोंड फिरवून उगीचच वर, फांद्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"अब तो बता दीजिए," नेगी हसत म्हणाले. हातातलं चुरगळलेलं पान त्यांनी पुढे केलं. "आपके यहाँ क्या कहते हैं इसे?"

रामकलीबाईंनी पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या पेनाकडे.

"देवदार," त्या म्हणाल्या.